आधी घन, मग सपाट

मुलांना आकार शिकवावयाचे म्हणजे पाटीवर किंवा फळ्यावर त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ काढून प्रारंभ करावयाचा, त्यांच्या बाजू आणि कोन मोजून घ्यावयाचे, आणि घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू यांची रीतसर ओळख मात्र चार-दोन इयत्ता ओलांडल्यावर, मूल थोडे जाणते झाले म्हणजे, करून द्यावयाची, हा आपल्या शाळाखात्याचा इतका जुना शिरस्ता आहे की त्याला काही कारण असावे लागते याचेच आपल्याला विस्मरण झाले आहे. कारण विचारलेच, तर उत्तर तयार असते: सपाट आकृतीला लांबी आणि रुंदी अशी दोनच परिमाणे, घनाकृतीला तीन, सबब सपाट सोपे आणि घन अवघड. युक्लिडाचाही दाखला देता येतो, कारण त्याने आपल्या १३ ग्रंथांपैकी घनाकृतींना जागा दिली ती अखेरच्या तीन ग्रंथांत. तर्कशास्त्राच्या दप्तरात ही नोंद बिनचूक आहे. परंतु युक्लिडाने लिहिले ते प्रौढांसाठी. आणि ज्याची बाराखडी अजून पुरी व्हावयाची आहे अशा मुलाचे ज्ञान व्याख्येपासून सिद्धांताकडे जात नसून हातापासून डोळ्याकडे आणि डोळ्यापासून मनाकडे जात असते.

आणि हाताला आजवर कुणाच्याही कधी त्रिकोण लागलेला नाही. लागतो तो कंचा, वीट, काडेपेटी, भोवरा, पायलीचे माप. पुठ्ठा कापून त्रिकोण दिला तरी त्याला जाडी असतेच, तेव्हा तोदेखील वस्तुतः एक अतिशय बुटकी त्रिकोणी चितीच होय. सपाट आकृती ही जगात स्वतंत्रपणे नांदत नाही. ती नेहमी कुठल्या तरी घन वस्तूचे पृष्ठ असते, किंवा तिची सावली, तिचा ठसा, तिचा छेद. म्हणूनच माझे मत असे झाले आहे की आपण हा क्रम उलटा लावला आहे, आणि तो मुलाच्या सोयीसाठी नव्हे, तर कागद सपाट असतो म्हणून लावला आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील मुलाचे हे हाताचे शिक्षण तर हजेरीपटावर नाव चढण्यापूर्वीच बरेचसे झालेले असते. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि घरातल्या एखाद्या खोलीत छतापर्यंत पांढरा ढीग चढू लागतो, ज्याला ना कड, ना कोपरा, ना धड पृष्ठ. मूल त्यात उडी घेते तेव्हा आकार नसणे म्हणजे काय, याचा त्याला येणारा अनुभव कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडावयाचा नाही. तोच कापूस जिनात जातो, सरकी निराळी होते, रुई दाबयंत्राखाली जाते, आणि पट्ट्यांनी आवळलेली सुमारे १७० किलोंची जी गाठ बाहेर पडते तिला सहा पृष्ठे, बारा कडा आणि आठ कोपरे असतात. कापूस तोच आहे. त्याला नवीन मिळाले आहेत ते गुणधर्म. आता तो एकावर एक रचता येतो, मोजता येतो, मालमोटारीत फट न ठेवता भरता येतो. घनाकृतीचा गुणधर्म म्हणजे वहीत उतरून घ्यावयाचे वाक्य नसून त्या वस्तूला काय करता येते आणि काय करता येत नाही याचा हिशेब आहे, हे कापसाच्या मुलखातील मुलाला नुसते दाखवून देण्याचा अवकाश असतो. खळ्यावरील ज्वारीच्या राशीकडे त्याला एकदा नीट पाहावयास सांगावे: वरून आणखी ज्वारी ओतली की रास उंच होते आणि रुंदही होते, पण तिचा उतार बदलत नाही. शंकूचा हा धडा दाण्यांनी स्वतःच गिरवलेला असतो. मग पत्र्याचा एक डबा आणि त्याच्याच तोंडाएवढा, त्याच्याच उंचीचा पत्र्याचा शंकू घेऊन शंकूने डबा भरावयास द्यावा. तीन वेळा ओतले की डबा काठोकाठ भरतो, आणि पुढे कधीतरी सूत्रात येणारा एकतृतीयांश त्या दिवसापासून मुलाच्या ओळखीचा होऊन बसतो.

१९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या, म्हणजे आपल्या बालभारतीच्या, अलीकडील प्राथमिक पुस्तकांत घरंगळणाऱ्या आणि घसरणाऱ्या वस्तू आल्या आहेत, पेटी उलगडून तिची घडणी पाहावी असेही सुचवलेले आहे, आणि ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. अडचण एवढीच की पुस्तकात येते ते चेंडूचे चित्र, आणि चित्रातील चेंडू घरंगळत नाही. ज्या वर्गात गुरुजी पुस्तक मिटून खरा चेंडू टेबलावरून सोडून देतात तेथे पुस्तकाचा हेतू साधतो. जेथे ‘चेंडू घरंगळतो’ हे वाक्य पाच वेळा लिहून घेतले जाते तेथे तो फसतो.

कागदाचा अंमल मुलाच्या बुद्धीवर किती खोल चालतो याचे एक उदाहरण प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला ठाऊक आहे. फळ्यावर चौरस काढा, सारी मुले ‘चौरस’ म्हणून ओरडतील, तोच चौरस कोपऱ्यावर उभा करून काढा, आणि वर्गाच्या मागल्या रांगेतून आवाज येईल, “गुर्जी, हा तं शंकरपाळा व्हय!” बाजू त्याच, कोन तेच, आणि तरी नाव पालटले. पिएर आणि दिना व्हान हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ साली याच प्रश्नावर आपले प्रबंध सादर केले. मूल प्रथम आकृतीला तिच्या एकंदर रूपावरून ओळखते, गुणधर्म त्याला मागाहून दिसू लागतात, आणि एका गुणधर्मातून दुसरा निघतो हे त्याहूनही मागाहून, असे त्यांनी दाखवले. या पायऱ्या वयाने आपोआप चढल्या जात नाहीत, शिकवण्याने चढाव्या लागतात, हेही त्यांचेच प्रतिपादन. ते मला मान्य आहे. पण शंकरपाळ्याचा दोष मी मुलाच्या पायरीइतकाच कागदाकडेही लावतो. पानाला वरची आणि खालची बाजू असते, फळ्याला असते, म्हणून त्यावरील आकृतीलाही ती चिकटते. तोच चौरस जमिनीत बसवावयाच्या फरशीच्या रूपाने मुलाच्या हाती दिला, तर ते ती कशीही फिरवते, कोपऱ्यावर उभी करते, भिंतीला तिरपी टेकवते, आणि ‘ही दुसरी फरशी आहे’ असे म्हणणारे मूल मी तरी पाहिलेले नाही.

तर मग घनाकडून सपाटाकडे जावयाचे कसे? याला खर्च काहीच नाही. अंगणात पाणी शिंपून काळी माती सारखी करावी आणि मुलाला वीट द्यावी. वीट तिच्या तिन्ही तऱ्हांनी मातीवर ठेवून उचलली की तीन निरनिराळे आयत उमटतात, आणि प्रत्येकाचा जुळा भाऊ विटेच्या पाठीमागे लपलेला असतो हे मूल आपणहून शोधते. नंतर खेळ उलटा करावा: एका मुलाने पाठ फिरवावी, दुसऱ्याने काही वस्तू टेकवून उचलाव्यात, आणि पहिल्याने, टिपेश्वरच्या अभयारण्यातला वनरक्षक पाऊलठशांवरून कोणते जनावर येऊन गेले ते सांगतो तसे, ठशांवरून वस्तू ओळखावी. वर्तुळाचा ठसा पाहून ‘डबा’ म्हणावे की ‘शंकू’, यावर जे भांडण जुंपते ते भूमितीतील एक उत्कृष्ट भांडण होय, कारण एका ठशावरून त्याचा निकाल लागत नाही. साक्षीला दुसरा ठसा लागतोच. डबा आडवा करून एक फेरा लोटला तर मागे आयत उरतो, ज्याची एक बाजू डब्याच्या उंचीएवढी आणि दुसरी त्याच्या तोंडाच्या परिघाएवढी असते. सात इंच व्यासाचा डबा बावीस इंचांच्या आसपास जमीन आक्रमतो. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवणाऱ्या लोहाराला पट्टी व्यासाच्या तिपटीहून थोडी अधिक लागते हे ठाऊक असल्यावाचून त्याचा धंदाच चालला नसता. शंकू मात्र लोटला की सरळ जातच नाही. टोकाभोवती गिरकी घेऊन मूळ जागी परत येतो. फुटाण्याचा रिकामा पुडा घेऊन हे अवश्य करून पाहावे. वर्गातल्या हास्याचा आणि शिकण्याचा असा मेळ फार थोड्या ठिकाणी जमतो.

ठशापेक्षाही मला छेद अधिक प्रिय आहे. पोळ्याला घरोघर मातीचे बैल घडतात, त्यातूनच उरलेल्या चिकण मातीचा मुठीएवढा घन करावा, आणि कुंभार चाकावरचे मडके ज्या रीतीने दोऱ्याने उतरवतो त्या रीतीने तो दोऱ्याने कापावा. पृष्ठाला समांतर कापला तर आत चौरस निघतो. एका कडेला समांतर ठेवून तिरपा कापला तर आयत. एक कोपराच उडवला तर त्रिकोण; आणि हा त्रिकोण पूर्वी त्या घनावर कुठेच नव्हता, तो आत दडलेला होता, याचे मुलांना जे आश्चर्य वाटते ते मोठ्यांनाही वाटले पाहिजे. आता कोपरा उडवलेल्या त्या घनाची पृष्ठे सात, कोपरे दहा आणि कडा पंधरा झाल्या. पृष्ठे आणि कोपरे यांची बेरीज करून कडा वजा केल्या तर उरतात दोन. कापण्यापूर्वीही सहा अधिक आठ वजा बारा, म्हणजे दोनच उरत होते. दुसरा कोपरा उडवा, तिसरा उडवा, दोन काही हलत नाहीत. ऑयलरने ही गोष्ट १७५० साली आपला मित्र गोल्डबाख याला पत्राने कळवली. घनाकृतींचा अभ्यास त्यापूर्वी दोन हजार वर्षे चालू होता, त्यांची पृष्ठे मोजली जात होती, कोपरे मोजले जात होते. पण कड ही एक स्वतंत्र मोजण्याजोगी चीज आहे आणि तिलाही हिशेबात धरावे, हे पुढे येण्यास ऑयलरची वाट पाहावी लागली. आमच्या चौथीतल्या मुलांना कडा मोजताना पुन्हापुन्हा चुकताना पाहून जे शिक्षक रागावतात त्यांनी हा इतिहास ध्यानी ठेवावा. घनाचा सर्वांत सुंदर छेद अजून राहिला: दोरा जर सहा कडांच्या मधोमध लागेल असा तिरपा धरला, तर चौरसांनी मढवलेल्या त्या वस्तूतून नियमित षट्कोन बाहेर येतो.

ही दृष्टी नवी नाही. फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ साली जर्मनीत बालोद्यानाचा पाया घातला तेव्हा मुलांसाठी जी खेळणी क्रमवार योजली त्यांत पहिली देणगी लोकरीचे मऊ चेंडू, दुसरी लाकडाचे गोल, वृत्तचिती आणि घन, पुढे लहान ठोकळ्यांत विभागलेला घन, आणि त्या सर्वांनंतर सपाट चकत्या, मग काड्या, मग बिंदू असा उतरता क्रम होता. तरुणपणी तो बर्लिनमध्ये वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजसंग्रहालयात काम करीत असे. स्फटिकाची पैलूदार शिस्त पाहूनच त्याला बालशिक्षणाचा हा घाट सुचला असावा असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली त्याच्या बालोद्यानांवर बंदी घातली, यावरून लाकडी ठोकळ्यांचीही सत्तेला भीती वाटू शकते असे दिसते! आपल्याकडे १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी वस्तीत काम केले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने बाजूला सारून खडे, बिया, शंख-शिंपले यांवर त्यांनी भिस्त ठेवली. आमच्या शेजारी, वर्धा नदीच्या पलीकडे, ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेतून नयी तालीम निघाली. तिचाही आग्रह हाच की हाताला काम द्यावे, ज्ञान त्या कामातून फुटू द्यावे. नयी तालीमचा व्याप सरकारी शाळांत पुढे कोमेजला, याची कारणे अनेक आहेत. त्यांत येथे शिरत नाही.

तथापि एक आक्षेप असा येईल, आणि तो कास्तकाराच्या मुखातून आला तर अधिक शोभेल, की सपाट आकृतीला अस्तित्व नाही म्हणता, मग शेत ते काय? सातबाराच्या उताऱ्यावर, मोजणीच्या नकाशावर, धुऱ्याच्या तंट्यात जी आकृती उभी असते ती सपाटच ना? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणून सपाट आकृतीचे दुसरे माहेर जमीन हे मी खुशीने कबूल करतो; माझे म्हणणे एवढेच की मग ती जमिनीवर शिकवावी. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शाळेच्या मैदानावर चार कोपऱ्यांना चार मुले उभी करून ३३ फुटांच्या चार दोऱ्यांनी हा गुंठा आखावा, आणि मग समोरासमोरच्या दोन मुलांना आतल्या बाजूस सरकावयास सांगावे, इतके की त्या दोघांतील अंतरही ३३ फूटच होईल. दोऱ्या चारही त्याच, लांबी तीच, कोणी कोणाची इंचभर दोरी चोरलेली नाही; पण आतली जमीन आता सुमारे ९४३ चौरस फूट उरली, आणि जवळजवळ १४६ चौरस फूट जमीन सर्वांदेखत नाहीशी झाली. ज्या घरात धुऱ्यावरून पिढीजात दावा चालू असेल त्या घरातील मूल हा पाठ विसरेल असे मला वाटत नाही. नुसत्या बाजू मोजून चौकोन ठरत नाही, कर्ण मोजावा लागतो, हे मोजणीदाराला ठाऊक असते, आणि घराच्या पायाची दोरी धरणारा मिस्त्रीही दोन्ही कर्ण जुळल्याखेरीज गुण्यावर पूर्ण विश्वास टाकत नाही. बांबूच्या चार कामट्या सुतळीने बांधून केलेली चौकट हाताने दाबली की कलते. तीन कामट्यांची कलत नाही. चौकटीला एक तिरपी कामटी लावली की तीही ताठ उभी राहते, कारण तिचे आता दोन त्रिकोण झाले. जिनाच्या टिनाच्या छपराखालील कैचीत त्रिकोणच त्रिकोण का असतात, हे मग सांगावे लागत नाही. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून हाच प्रयोग देशभरच्या मुलांच्या हाती दिला. आमच्या पोडांवर आणि तांड्यांवर बांबू त्याहूनही स्वस्त पडतो. पोडावरील कोलाम कारागिराच्या बोटांना टोपली आणि ताटवा विणताना आकृत्यांचे जे ज्ञान असते ते शाळेच्या प्रांगणात त्याला सन्मानाने बोलावून मुलांपुढे का मांडू नये, हे मला कधीच उमगलेले नाही.

आणि या जिल्ह्याला निसर्गाने जी देणगी दिली आहे ती तर फ्रोबेलाच्या पेटीतही नव्हती. उलंगवाडी होऊन कापसाची शेते मोकळी पडली की काळ्या मातीतले पाणी सुटते, ती आकसते, आणि रानभर भेगांचे जाळे पसरते. या भेगांनी पाडलेल्या तुकड्यांच्या बाजू मुलांकडून मोजवून घ्याव्यात. पुष्कळ तुकडे चार बाजूंचे निघतील, कारण नंतर पडलेली भेग आधीच्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन मिळते. हीच माती ज्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली त्या पाषाणाचीही जन्मकथा अशीच आकसण्याची आहे: कोट्यवधी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा निवताना आकुंचन पावला, त्याला तडे गेले, ते तडे पृष्ठभागावरून आत आत उतरत गेले, आणि उतरता उतरता त्यांनी आपले कोन असे जुळवून घेतले की एका ठिकाणी तीन तडे मिळून प्रत्येकी १२० अंशांच्या जवळपास आले. असे झाले म्हणजे जे उरते तो षट्कोनी चितींचा समुदाय. वणी-पांढरकवडा परिसरातील शिबला-पार्डी येथे २०२१ साली रस्त्याचे काम चालू असताना असे पाषाणस्तंभ उघडे पडले आणि भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे असल्याचे सांगितले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरील असे स्तंभ पाहण्यास जगभरचे प्रवासी जातात.

अशा स्तंभाच्या माथ्यावर हात फिरवणाऱ्या मुलाला सपाट आणि घन यांतील नाते एका स्पर्शात कळते: माथा षट्कोन, अंग चिती, आणि माथ्याला जितक्या बाजू तितकीच अंगाला उभी पृष्ठे. सगळे स्तंभ सहा बाजूंचे नसतात. अशा समुदायांत पाच आणि सात बाजूंचेही आढळतात, आणि हे तर फारच चांगले आहे, कारण त्यामुळे पाठ केलेले उत्तर चालत नाही, मोजावे लागते.

तेव्हा जिल्ह्यातील शिक्षकांना आणि त्यांच्या वरच्या साहेबांना माझी एवढी विनंती आहे की शाळांच्या सहली काढताना कळंबच्या चिंतामणीबरोबर शिबला-पार्डीचेही नाव त्यात घालावे, ते स्तंभ फोडून कोणी नेणार नाही अशी तजवीज ग्रामपंचायतीने आणि महसूल खात्याने मिळून करावी, आणि मुले तेथे पोहोचली म्हणजे प्रत्येकाच्या हाती एक सुतळी द्यावी. पुस्तके बसमध्येच राहू द्यावीत, आणि मुलांच्या बाजू मोजून होईपर्यंत ‘षट्कोन’ हे नाव कृपा करून कोणी उच्चारू नये.